मनावरचे घाव आणि मानसवैद्यक
(धर्मग्रामाच्या महोत्सवानिमित्त भोंगवली येथें भरलेल्या सभेंतील व्याख्यान)



महोत्सवाच्या मंगल प्रसंगीं दुःखाचा विषय काढावा हें कित्येकांस विचित्र वाटेल. परंतु समितीच्या मंडळींनीं मला बजावून सांगितलें कीं, मंडपांत गोड बोलणारे पुष्कळ आहेत. तुम्ही असें कांहीं सांगा कीं जें घरीं गेल्यावर उपयोगीं पडेल. म्हणून मनाला बसलेला घाव आणि त्याविषयीं मानसवैद्यांची समजूत हा विषय मीं घेतला. विषय जड आहे खरा. तरी होतां होईल तों उदाहरणें आपल्याच डोंगरांतलीं घेईन, म्हणजे तो परका वाटणार नाहीं.

आपल्या शेजारच्या, तेव्हांच्या वेल्हे तालुक्यांत आंबी नदीवर पानशेतचें धरण बांधलें जात होतें. काम पुरें झालेलें नव्हतें, तोंच १९६१ च्या पावसाळ्यांत त्यांत पाणी सांठलें. मातीचा बांध खचूं लागला, तेव्हां लष्कराच्या जवानांनीं वाळूचीं पोतीं रचून तो रात्रभर धरून ठेवला. १२ जुलै १९६१ रोजीं सकाळीं बांध फुटला. तें पाणी खडकवासल्यावर येऊन आदळलें. एकोणिसाव्या शतकांतलें तें दगडी धरणही त्या भारापुढें टिकलें नाहीं, आणि दुपारपर्यंत पुण्याच्या नदीकांठच्या पेठा पाण्याखालीं गेल्या. जवानांच्या त्या रात्रीच्या कष्टांमुळें बांध अंधारांत न फुटतां दिवसाउजेडीं फुटला, आणि त्यायोगें किती जीव वांचले असतील ह्याचा हिशेब देवच जाणे.

पुराची हकीकत आपल्या वाडवडिलांकडून आपण ऐकलेली आहे. मला आज सांगावयाची आहे ती त्यानंतरची गोष्ट. पुण्यांतील जुनी माणसें सांगतात कीं, पूर ओसरल्यावर शहरांत एकाएकीं हांक उठली, 'पाणी आलें, पाणी आलें!' नदी तर उतरलेली होती. तरीही माणसें मुलें काखेला मारून, अनवाणी, पर्वतीच्या दिशेनें धांवत सुटलीं. त्या धांवणाऱ्यांना कोणी मूर्ख म्हणूं नये. नदींतलें पाणी ओसरलें होतें, त्यांच्या देहांतलें ओसरलें नव्हतें. मानसवैद्यांनीं ह्या विषयावर मोठमोठे ग्रंथ लिहिले आहेत. परंतु त्यांचें सार ह्या एका धांवण्यांत सांपडतें, असें मला वाटतें.

सरकारनें पूरग्रस्तांना कर्जें दिलीं, गोखलेनगरासारख्या वसाहती उभ्या केल्या, चौकशीचा आयोग बसविला. मनाची चौकशी मात्र झाली नाहीं. होणार तरी कशी? त्या अवस्थेला त्या काळीं वैद्यकांत सर्वमान्य असें नांवही नव्हतें. पाऊस लागला कीं रात्रभर दिवा जळत ठेवणारी आजी, नदीचा पूल ओलांडावा लागूं नये म्हणून दोन कोसांचा वळसा घेणारा आजोबा, अशांना घरचे 'स्वभावच तसा' म्हणून सोडून देत. तो स्वभाव नव्हता, घाव होता.

इंग्रजींतला 'ट्रॉमा' हा शब्द मूळ ग्रीक आहे आणि त्याचा अर्थच मुळीं घाव असा आहे. शस्त्रवैद्य तो हाडामांसाच्या जखमेला लावीत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पॅरिसचे प्येर जाने आणि व्हिएन्नाचे फ्रॉइड ह्यांच्यासारख्या वैद्यांनीं तो मनाला लावला. परंतु जगाचें लक्ष तिकडे वळलें तें पहिल्या महायुद्धानें. खंदकांतून परत आलेल्या शिपायांच्या अंगावर ओरखडाही नसे. पण कोणाची वाचा गेलेली, कोणाचे हात थरथर कांपत, कोणी झोंपेंत किंचाळत उठे. चार्ल्स मायर्स ह्या ब्रिटिश डॉक्टरानें १९१५ मध्यें ह्या अवस्थेला 'शेल शॉक', म्हणजे तोफगोळ्याचा धक्का, हें नांव छापून प्रसिद्ध केलें. प्रथम समजूत अशी कीं गोळ्याच्या स्फोटानें मेंदू हादरतो. पुढें दिसून आलें कीं, जे स्फोटाच्या जवळपासही नव्हते त्यांनाही हेंच होतें.

ह्या ठिकाणीं एक कटु गोष्ट सांगितली पाहिजे. ब्रिटिश सैन्यानें त्या युद्धांत पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांवरून आपल्याच शिपायांना गोळ्या घातल्या. त्यांपैकीं ३०६ जणांना २००६ सालीं मरणोत्तर माफी देण्यांत आली, कारण त्यांतील कित्येक भेकड नसून आजारी असावेत हें लोकांस पटलें. नव्वद वर्षें लागलीं! आणि आपले शिपाई? मराठा पलटणी मेसोपोटेमियांत लढल्या. कूतच्या वेढ्यांत त्या उपाशी अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजीं शरण गेल्यावर कैदेचे हाल त्यांच्या वांट्यास आले. जे कोणी गांवीं परतले त्यांच्या छातीवर बिल्ले होते. त्यांच्या रात्री कशा गेल्या हें त्यांच्या बायकांनाच ठाऊक.

त्याच युद्धांत विल्यम रिव्हर्स नांवाचा एक डॉक्टर स्कॉटलंडांतील क्रेगलॉकहार्टच्या लष्करी इस्पितळांत काम करीत होता. (हा गृहस्थ पूर्वीं आपल्या देशांत येऊन गेलेला; नीलगिरींतील तोडा लोकांवर त्यानें १९०६ सालीं ग्रंथ लिहिला.) त्याच्याकडे येणाऱ्या अधिकाऱ्यांना घरच्यांनीं आणि डॉक्टरांनीं एकच उपदेश केलेला असे: झालें तें विसरा, चांगल्या गोष्टींचा विचार करा. ते बिचारे दिवसभर नेटानें विसरत, आणि रात्रीं तेंच चित्र दुप्पट बळानें अंगावर येई. रिव्हर्सनें ओळखलें कीं विसरण्याची ही धडपडच दुखणें वाढविते. तो त्यांना त्या आठवणीकडे सोबतीनें, थोडें थोडें, पाहावयास शिकवी. आपल्याकडे आजही शोकाच्या घरीं जाऊन आपण 'आतां विसरा' म्हणूनच येतों. म्हणणाऱ्याचा हेतु चांगला असतो; पण विसरणें हें कोणाच्याच हातीं नसतें.

१९८० सालीं अमेरिकेंतील मानसवैद्यांच्या संघटनेनें आपल्या रोगसूचींत 'पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसॉर्डर' हें नांव घातलें. व्हिएतनामच्या युद्धावरून परतलेल्या सैनिकांचीं दुःखें आणि अत्याचार सोसलेल्या स्त्रियांच्या बाजूनें उठलेला आवाज, हीं दोन्ही त्याच्या मुळाशीं होतीं. आपण त्याला 'आघातोत्तर मनोविकार' म्हणूं. त्याचीं लक्षणें पुस्तकी भाषेंत सांगण्यापेक्षां एक माणूस कल्पनेनें डोळ्यांपुढें आणूं.

पहाटे दूध घेऊन महामार्गानें पुण्याकडे जाणारा एक टेंपोचालक आहे. एके दिवशीं धुक्यांत त्याच्या डोळ्यांदेखत एका मोटारीचा चुराडा होतो. आंतल्या माणसांना तो स्वतः ओढून बाहेर काढतो. एक मूल त्याच्या हातांत प्राण सोडतें. आठ-पंधरा दिवस तो जेवत नाहीं, झोंपत नाहीं. ह्याला रोग म्हणत नाहींत. एवढें पाहून ज्याला झोंप आली त्याचीच मला काळजी वाटेल. पण दोन महिने झाले तरी करकचून लागलेल्या ब्रेकचा आवाज कानीं पडतांच त्याला तें सारें 'आठवत' नाहीं, तर पुन्हां 'घडतें'. हातांना रक्ताचा ओलावा लागतो. हें पहिलें लक्षण. तो महामार्ग टाळूं लागतो, दुधाचा धंदा सोडतो, स्वतःचें मूल मांडीवर घेईनासा होतो. हें दुसरें. दार वाजलें कीं दचकतो, सदा दाराकडे तोंड करून बसतो, क्षुल्लक कारणानें बायकोवर ओरडतो. हें तिसरें. शिवाय त्याला वाटूं लागतें कीं मीं आणखी घाई केली असती तर तें मूल वांचलें असतें. अशी अवस्था महिन्याहून अधिक टिकली आणि तिच्यामुळें संसार व काम अडलें, म्हणजे मानसवैद्य तिला हें नांव देतात. आणि बहुधा ह्याच सुमारास तो संध्याकाळीं दारूकडे वळतो; मग गांव म्हणतें, चांगला माणूस होता, दारूनें बिघडला. दारू मागून आली, हें गांवाला दिसत नाहीं.

हें कां होतें? साधी आठवण मेंदूंत ठेवतांना तिच्यावर स्थळ आणि काळ ह्यांचा शिक्का बसतो, म्हणून ती 'मागची' वाटते. त्या कामांत हिप्पोकॅम्पस ह्या भागाचा मोठा वांटा आहे. संकटाची नौबत वाजविणारा दुसरा एक भाग आहे, बदामाच्या आकाराचा. त्याचें नांव अमिग्डाला. भीतीचा कळस झाला असतां ही नौबत इतकी जोरानें वाजते कीं शिक्क्याचें काम नीट होत नाहीं, असें शास्त्रज्ञ मानतात. मग ती आठवण वहींत न लागलेल्या सुट्या पानासारखी राहते. वाऱ्याची झुळूक आली कीं उडून समोर येते. वास, आवाज, पावसाची सर, कांहींही त्याला पुरतें. इच्छाशक्तीचा किंवा श्रद्धेचा दुबळेपणा येथें कारण नसतो.

आतां दुसऱ्या बाजूची सावधगिरी. अलीकडे हा शब्द फार स्वस्त झाला आहे. परीक्षेंत गुण कमी पडले तरी मुलें 'ट्रॉमा' म्हणतात. प्रत्येक दुःख म्हणजे हा घाव नव्हे. आई गेली म्हणून वर्षभर डोळे भरून येणें ही प्रीति आहे, तिला औषध नको. फार काय, भयंकर प्रसंगांतून गेलेल्यांपैकीं बहुतेक माणसें हा विकार न होतां कालांतरानें सावरतात, हें जगभरच्या अभ्यासांतून दिसलें आहे. मग सावरत नाहीं तो कोण? ज्याला पूर्वींही घाव बसलेले आहेत. ज्याला नंतर कोणाचा आधार मिळाला नाहीं. आणि ज्याच्यावरच दोष ठेवण्यांत आला. निसर्गाच्या कोपापेक्षां माणसानें माणसावर केलेला अत्याचार अधिक खोल जातो. आणि तो एकदां न होतां वर्षानुवर्षें, घरांतच, ज्याच्यावर विसंबावें त्याच्याच हातून होत असेल, तर घाव निराळ्याच जातीचा होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या रोगसूचींत त्याला स्वतंत्र स्थान दिलेलें आहे. त्यांत भीतीबरोबर स्वतःविषयींची घृणा असते, कोणावर विश्वास बसत नाहीं, भावना आवरत नाहींत. दारुड्या नवऱ्याचा मार पंधरा वर्षें खाल्लेली बाई, काकानें छळलेली मुलगी, ह्या त्या सूचींतल्या आहेत. आणि आपण प्रामाणिकपणें बोलावयाचें तर, ख्रिस्तसभेच्या छत्राखालींही मुलांवर असे घाव झाले आहेत. पोप फ्रान्सिस ह्यांनीं २०१९ सालीं धर्मगुरू व व्रतस्थांवर अशा गोष्टी अधिकाऱ्यांना कळविण्याचें बंधन घातलें तें उगीच नव्हे. आपल्या देशाचा २०१२ चा पोक्सो कायदा तर बालकावरील लैंगिक अत्याचार ज्याला ज्याला कळेल त्या प्रत्येकावर पोलिसांना कळविण्याची जबाबदारी टाकतो. मूल अडखळत कांहीं सांगूं लागलें, तर त्याचें पहिलें औषध म्हणजे त्याच्यावर विश्वास ठेवणें. 'असें बोलूं नये' म्हणून आपण त्याचें तोंड मिटविलें, तर दुसरा घाव आपला असतो.

आपल्या देशांतील मानसवैद्यांनीं हें शास्त्र पुस्तकांतून जितकें घेतलें तितकेंच संकटांतून घेतलें. १९८४ च्या डिसेंबरांत भोपाळला विषारी वायु सुटला. तेथें मनाच्या दुखण्याची पहिली पाहणी झाली ती सुमारें दोन महिन्यांनीं. मानसवैद्य थोडे आणि रोगी हजारों, तेव्हां तेथल्या साध्या डॉक्टरांनाच थोड्या दिवसांचें शिक्षण देऊन कामास लावण्यांत आलें. मग ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट उजाडली. लातूर-उस्मानाबादकडील खेडीं गणपतीचें विसर्जन आटोपून झोंपलेलीं होतीं. किल्लारीच्या भूकंपानें जड दगडमातीचीं माळवदाचीं घरें झोंपलेल्यांच्या अंगावर कोसळलीं आणि हजारों माणसें गेलीं. ज्या छपरानें उन्हापावसापासून राखलें त्यानेंच मारलें, म्हणून वांचलेलीं माणसें छपराखालीं झोंपावयास धजत ना. महिन्याभरानें दिल्लीच्या डॉक्टरांनीं कांहीं वांचलेल्यांची तपासणी केली, तेव्हां अर्ध्याहून अधिक जणांत कांहीं ना कांहीं मनोविकार आढळला. आघातोत्तर विकार आणि उदासीनतेचा विकार हे त्यांत प्रमुख. आपल्याच जिल्ह्यांत ३० जुलै २०१४ रोजीं माळीण गांवावर डोंगर उतरला आणि दीडशेंहून अधिक माणसें त्याखालीं गेलीं. भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावर राहणाऱ्यांनीं त्या पावसाळ्यांत रात्री कशा काढल्या, हें ह्या मंडपांतील पुष्कळांना आठवत असेल.

ह्या अनुभवांतून एक चूक सुधारली गेली, ती आपण नीट ध्यानांत घ्यावी. एके काळीं डॉक्टर मानीत कीं संकटानंतर ताबडतोब प्रत्येकाला बसवून सगळें साद्यंत बोलावयास लावावें, म्हणजे मन मोकळें होईल. पुढें तपासून पाहिलें तों त्याचा उपयोग होत नाहीं, उलट कांहींचें दुखणें वाढतें, असें आढळलें. आज सांगतात तें असें: प्रथम माणूस सुरक्षित आहे ना हें पाहा, पाणी, अन्न, पांघरूण द्या, त्याचीं माणसें शोधून त्याला भेटवा, बोलला तर ऐका, न बोलला तर खोदूं नका. जुन्या करारांत एलिया संदेष्टा जिवाच्या भीतीनें रानांत पळून एका झुडपाखालीं पडला आणि मरण मागूं लागला, तेव्हां देवदूतानें काय केलें तें वाचा. उपदेश केला नाहीं, रागें भरला नाहीं. निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचें भांडें पुढें ठेवलें, आणि त्याला पुन्हां निजूं दिलें, असें दोनदां. देवाचा प्रश्न त्याला ऐकूं आला तो पुष्कळ दिवसांनीं, डोंगरावर पोंचल्यावर.

विकार महिनोंमहिने टिकला तर मात्र नुसती भाकर पुरत नाहीं, उपचार लागतो. ज्युडिथ हर्मन ह्या अमेरिकन विदुषीनें १९९२ सालीं उपचाराच्या तीन पायऱ्या सांगितल्या: आधीं सुरक्षितता, मग आठवण आणि शोक, मग लोकांत परत येणें. पहिली पायरी सोडून दुसरीवर उडी मारतां येत नाहीं. ज्या बाईला आज रात्रींही मार बसणार आहे तिला मागच्या आठवणी काढावयास सांगणें हा क्रूरपणा आहे. दुसऱ्या पायरीवर जाणता उपचारक रोग्याला ती आठवण सुरक्षित जागीं, ठराविक वेळीं, पुन्हां पुन्हां सांगावयास लावतो, आणि टाळलेल्या रस्त्यावरून सोबतीनें हळूहळू चालवितो. सुटें पान अशा रीतीनें वहींत लागतें. आठवण जात नाहीं, पण ती मागची होते. डोळ्यांच्या हालचालींबरोबर आठवण हाताळण्याची एक पद्धतही आज मान्य झालेली आहे. सर्ट्रालिनसारखीं औषधें कित्येकांना गुण देतात. परंतु संकटाच्या दुसऱ्याच दिवशीं झोंपेच्या गोळ्या मागूं नयेत. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१३ सालीं त्यांविरुद्ध स्पष्ट सल्ला दिलेला आहे.

आपल्या गांवांत असा माणूस प्रथम देवऋषीकडे जातो, किंवा आपल्या धर्मगुरूंकडे येतो. देवऋषी त्याला सांगतो कीं कोणी करणी केली. म्हणजे घाव तसाच राहून वर शेजाऱ्याशीं वैर वाढतें. धर्मगुरूंकडे तो बहुधा पापनिवेदनाला येतो, आणि जें पाप नाहीं तेंच पाप म्हणून सांगतो: मी जगलों, तो मेला, मीं हात सोडला. पुन्हां पुन्हां क्षमा मागूनही त्याला शांति लाभत नाहीं, कारण अपराधच नाहीं तेथें क्षमा कशाला लागावी? अशा वेळीं त्याचें ऐकून घेऊन त्याला डॉक्टरांकडे जावयास सांगणारा धर्मगुरू आपलें काम दुसऱ्यावर ढकलीत नाहीं, तें पुरें करतो. 'देवाची इच्छा' हे शब्दही जपून वापरावेत, अशी माझी नम्र विनंती आहे. मूल गमावलेली आई ते स्वतः म्हणेल तर तो तिचा विश्वास. तिच्या दारांत उभें राहून आपण ते म्हटले तर तो तिला दगड लागतो.

आतां व्यवहाराचें तेवढें सांगून आटोपतों. मानसवैद्याकडे जाणें म्हणजे वेड्यांच्या इस्पितळांत कायमचें कोंडून घेणें, अशी भीति अजून आहे. ती निराधार आहे. असे बहुतेक रोगी घरीं राहूनच बरे होतात. तालुक्याच्या सरकारी दवाखान्यांत प्रथम दाखवावें. पुढें पुण्याचें ससून इस्पितळ आहे, येरवड्याचें प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, आणि दोन्हीकडे बाह्यरुग्णांना तपासतात. कोणीं जिवाचें बरेंवाईट करून घेण्याचा यत्न केला असेल तर पोलिसांच्या भीतीनें तो लपवूं नये. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानें असा माणूस तीव्र तणावाखालीं होता असेंच धरून चालावें असें ठरविलें आहे. त्याला शिक्षेऐवजीं शुश्रूषा द्यावयाची आहे. आणि ज्याला गांवांतल्या कोणासमोर तोंड उघडण्याची लाज वाटते, त्याच्यासाठीं सरकारनें १० ऑक्टोबर २०२२ पासून टेलि-मानस ही टेलिफोनची सोय केलेली आहे. क्रमांक १४४१६, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहींत, आणि मराठींत बोलतां येतें. तो क्रमांक मंडपाच्या दाराशीं लिहून लावलेला आहे. जातांना उतरून घ्यावा, आणि ज्याच्यासाठीं उतरून घ्याल त्याच्या शेजारीं पहिला टेलिफोन होईपर्यंत बसून राहावें.